घटक ५ : चांदी, अकीक आणि प्रतीकार्थ – अलंकारांचे सांस्कृतिक वाचन

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –

• अलंकार ही केवळ शोभेची वस्तू नसून सांस्कृतिक अर्थ वाहणारे प्रतीक कसे असते, हे स्पष्ट करता येईल.
• मराठवाड्यातील चांदीचे दागिने आणि अकीकाचा दगड यांचा भौगोलिक व ऐतिहासिक संदर्भ सांगता येईल.
• स्कॉटलंडमधील चांदी-अकीकाच्या दागिन्यांशी त्यांची तुलना करता येईल.
• प्रतीकाचा अर्थ लावताना कोणती पथ्ये पाळावीत, हे सांगता येईल.
• आपल्या घरातील वा गावातील एका दागिन्याची पद्धतशीर नोंद करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, लोकसंस्कृतीचा अभ्यास करताना आपण ओव्या, कथा, म्हणी अशा शाब्दिक सामग्रीकडे प्रथम वळतो. ते स्वाभाविक आहे. परंतु समाज केवळ शब्दांतून बोलत नाही. तो वस्तूंतूनही बोलतो. घराची रचना, लुगड्याचा काठ, देव्हाऱ्यातील टाक आणि अंगावरचा दागिना ही सर्व त्याच्या बोलण्याची साधने आहेत. त्यांतील दागिना हे साधन माणसाच्या देहाला सर्वाधिक जवळचे. बारशाच्या वाळ्यांपासून म्हातारपणी सैल झालेल्या गोठांपर्यंत तो माणसाची सोबत करतो.

मराठीच्या विद्यार्थ्याला या विषयात आणखी एका कारणाने रस असावा. 'अलंकार' हा शब्द आपण दागिन्यासाठी वापरतो, तसाच उपमा-रूपकांसाठीही वापरतो. 'अलम्' म्हणजे पुरेसे, परिपूर्ण. जे एखाद्या गोष्टीला परिपूर्ण करते ते अलंकार. या अर्थाने दागिना ही देहावर वरून ठेवलेली भर नव्हे. त्या त्या समाजाच्या दृष्टीने देहाला व व्यक्तीला 'पूर्ण' करणारी ती गोष्ट आहे. सोने आणि त्यापासून घडलेले अलंकार वेगळे नाहीत, हा दृष्टांत ज्ञानेश्वरांनी तत्त्वविचार सांगण्यासाठी वापरला. सोनाराच्या भट्टीतील अनुभव मराठी तत्त्वचिंतनाच्या भाषेत असा फार पूर्वीच आला आहे.

प्रस्तुत घटकात आपण सोन्याऐवजी चांदीचा आणि रत्नांऐवजी अकीकासारख्या साध्या दगडाचा विचार करणार आहोत. कारण बहुसंख्य कष्टकरी घरांतील दागिने चांदीचे असत, आणि अकीक हा तर आपल्या पायाखालच्या जमिनीत सापडणारा खडा आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ अकीक : दख्खनच्या भूमीतील खडा

परभणी जिल्ह्याची जमीन दख्खनच्या पठाराचा भाग आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखी उद्रेकांतून लाव्हारसाचे थरावर थर साचले व काळा पाषाण, म्हणजेच बेसॉल्ट, तयार झाला. लाव्हा थंड होताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून राहिले व खडकात पोकळ्या निर्माण झाल्या. पुढे या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत गेले आणि पोकळीच्या भिंतीवर आतल्या बाजूने एकेक पातळ थर बसत गेला. या थरांचा दगड म्हणजे अकीक. तो कापला की आतील वलये दिसतात. कधी पांढरी व करडी, कधी पिवळसर, तांबूस वा निळसर.

भोवतालचा काळा पाषाण काळाच्या ओघात झिजून काळी माती होतो. परंतु अकीक व त्याच्या वर्गातील इतर दगड कठीण असल्याने शिल्लक राहतात. म्हणून नांगरटीत किंवा गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या पात्रांतील वाळूगोट्यांत ते हाती लागतात. आपले शेतकरी अशा दगडांना सरसकट 'गार' किंवा 'गारगोटी' म्हणतात. सिन्नर येथील खनिजसंग्रहालयाचे नावही 'गारगोटी' असेच आहे. काठिण्याच्या मोजपट्टीवर अकीकाचा क्रमांक साधारणतः ६.५ ते ७ इतका असल्याने साध्या काचेवर त्याचा ओरखडा उमटतो.

'अकीक' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. बोलीत 'हकीक' असेही रूप ऐकू येते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दगडाला 'सुलेमानी' म्हणतात, तर तांबड्या प्रकारासाठी 'कार्नेलियन' हे नाव पुरातत्त्वाच्या लेखनात येते. काही जुन्या लेखनात अकीकासाठी 'गोमेद' हा शब्द योजलेला दिसतो. परंतु नवरत्नांतील गोमेद हा निराळा खडा आहे. जुने लेखन वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

गोदावरीच्या खोऱ्याचा या दगडांशी संबंध अतिप्राचीन आहे. प्रवरेकाठी नेवासे येथे अश्मयुगीन माणसाने अकीक, जॅस्पर व चर्ट या दगडांची हत्यारे बनवल्याचे पुरावे मिळाले आहेत. पुढे सातवाहन काळात याच दगडांचे मणी घडवले गेले. पैठण, तेर, भोकरदन व नेवासे या स्थळांवर अकीकाचे मणी सापडले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक ग्रंथात पैठणहून अकीकवर्गीय दगड आणि तेरहून कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. तेर येथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात या काळातील अवशेष पाहावयास मिळतात. परभणी जिल्हा याच गोदावरीच्या खालच्या अंगाला वसलेला आहे.

मध्ययुगापासून अकीकाच्या कारागिरीचे प्रमुख केंद्र गुजरातेतील खंबायत हे राहिले. रतनपूर परिसरातून आलेला दगड तेथे मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. उष्णतेने दगडातील लोहाचा अंश तांबडा होतो व फिकट दगडाला लाल रंग चढतो. रतनपूरजवळ बाबा घोर या सिद्दी संताचे स्थान असून अकीकाच्या खाणकामगारांची व कारागिरांची त्यांच्यावर श्रद्धा आहे. निसर्ग, श्रम आणि श्रद्धा एकाच दगडात कशी एकत्र येतात, याचे हे चांगले उदाहरण होय.

५.२.२ चांदी : देह, देव आणि संचय

चांदीसाठी मराठीत 'रुपे' हा जुना शब्द आहे. 'रुपया' व 'रुपेरी' हे शब्द त्याच कुळातले. म्हणजे चांदी ही एकाच वेळी धातू, नाणे आणि रंग आहे. मराठवाड्यातील घरांत ती तीन ठिकाणी दिसते.

(अ) देहावर – लहान मुलाच्या पायांत वाळे, मनगटात मनगट्या, कमरेला करगोटा. स्त्रीच्या पायांत तोडे, पैंजण, साखळ्या, बोटांत जोडवी व मासोळ्या, दंडात वाकी, मनगटात गोठ, गळ्यात सरी, कमरेला पट्टा. सोने हे लक्ष्मीस्वरूप मानले गेल्याने ते कमरेखाली घालू नये, असा संकेत आहे. त्यामुळे पायांतील दागिने चांदीचेच असतात. येथे देहाचीच एक उतरंड तयार झालेली दिसते : वरच्या अंगाला सोने, खालच्या अंगाला चांदी. मात्र ज्या घरांत सोने परवडत नव्हते, तेथे गळ्यापासून पायांपर्यंत चांदीच असे. म्हणून हा संकेत जितका धार्मिक, तितकाच आर्थिक आहे.

(आ) देव्हाऱ्यात – खंडोबा, भवानी, तसेच घराण्यातील पूर्वज यांच्या प्रतिमा चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवून त्यांचे 'टाक' केले जातात. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदी काळवंडते. म्हणून टाक सोनाराकडून उजळून आणण्याची रीत पडली. धातूच्या एका रासायनिक गुणधर्माभोवती एक कुलाचार कसा उभा राहतो, हे येथे दिसते.

(इ) संचयात – व्हिक्टोरिया राणीची मुद्रा असलेले रुपये १८४० पासून चलनात आले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम होते. परभणी त्या काळी निजामाच्या राज्यात होते व तेथे हाली शिक्का हे स्वतंत्र चलन चाले. तरीही 'राणी छाप' रुपयाची ओळख दूरवर होती. अशी नाणी कडी लावून माळेत ओवली जात. माळेतील नाण्यांची संख्या मोजली की चांदीचे वजन आपोआप कळे. ज्या स्त्रीला अक्षरओळख नव्हती, तिच्यासाठी ही माळ म्हणजे गळ्यात घातलेला हिशेबच होता.

जिंतूर व आसपासच्या भागातील बंजारा तांड्यांवर चांदीच्या अलंकारांची एक निराळी व समृद्ध परंपरा आढळते. केसांना बांधायची 'घुगरी' आणि 'टोपली', गळ्यातील 'हासली', कपड्यांवर टाकलेली नाणी व आरसे यांतून ती व्यक्त होते. घुगरी-टोपली ही विवाहित स्त्रीची खूण होय. बैलांच्या पाठीवर माल लादून भटकणाऱ्या समाजाला जमिनीत वा वाड्यात संपत्ती ठेवणे शक्य नव्हते. ती अंगावरच बाळगणे सोयीचे होते. म्हणून या दागिन्यांचे वजन केवळ हौसेतून आलेले नाही, हे ध्यानात घ्यावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) अकीक दगडातील वलये कशी तयार होतात?
(२) पायांतील दागिने चांदीचे असण्यामागील संकेत कोणता?
(३) 'पेरिप्लस' ग्रंथात पैठणहून कोणती वस्तू बाहेर जात असल्याचा उल्लेख आहे?

५.२.३ चांदी आणि अकीक एकत्र : अंगठीचा खडा

चांदी व अकीक यांचा प्रत्यक्ष संयोग आपल्या भागात प्रामुख्याने अंगठीत दिसतो. इस्लामी परंपरेत पुरुषाने सोने वापरणे निषिद्ध मानले जाते, चांदीच्या अंगठीला मात्र मुभा आहे. त्यामुळे चांदीच्या कोंदणात बसवलेला अकीक ही श्रद्धाळू मुसलमान पुरुषांची, विशेषतः शिया व सूफी परंपरांतील, परिचित अंगठी ठरली. परभणी येथे सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीत भरतो आणि त्याला सर्व धर्मांचे लोक जातात. उरुसांच्या बाजारांत मांडलेल्या अंगठ्यांत अकीकाचे खडे पाहावयास मिळतात.

या संयोगाला एक व्यावहारिक बाजूही होती. तांबड्या अकीकावर नाव वा वचन कोरून त्याची मुद्रा करीत. दगड कठीण असल्याने अक्षरे झिजत नाहीत आणि गुळगुळीत असल्याने गरम मेण त्याला चिकटत नाही. म्हणून अंगठी ही श्रद्धेची खूण, तशीच सहीची खूणही होती.

हिंदू परंपरेत हाच दगड निराळ्या रूपाने येतो. नर्मदेच्या पात्रात गोल झालेले अकीक-जॅस्पर वर्गातील गोटे 'बाणलिंग' म्हणून पुजले जातात. तेथे दगड न कोरणे हेच त्याच्या पावित्र्याचे लक्षण मानले जाते. एका परंपरेत कोरल्याने अर्थ येतो, दुसरीत न कोरल्याने! दगड तोच, अर्थ दगडात नसून त्याच्याशी वागण्याच्या रीतीत असतो, हा या उदाहरणाचा बोध आहे.

५.२.४ तुलना : स्कॉटलंडमधील 'पेबल' दागिने

आता थोडे दूर पाहू. स्कॉटलंडमध्येही प्राचीन लाव्हाखडक आहेत. ते सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे आपल्या खडकांहून कितीतरी जुने. त्यांच्या पोकळ्यांतही अकीक तयार झाला. समुद्रकिनारी व ओढ्यांत सापडणाऱ्या या खड्यांना तेथील लोक 'पेबल', म्हणजे गोटा, म्हणत. त्यांचे पातळ काप करून, रंगसंगती साधून ते चांदीच्या चौकटीत बसवीत. मागे पाटीच्या दगडाचा आधार देऊन लाखेसारख्या द्रव्याने ते पक्के करीत. शालीला लावायच्या मोठ्या टाचण्या, कडी, पदके असे त्यांचे प्रकार होते. मराठीतही 'खडा' हा शब्द रस्त्यावरच्या दगडाला आणि अंगठीतील रत्नाला सारखाच लागू होतो, हे साम्य लक्षणीय आहे.

या दागिन्यांना मोठी मागणी आली ती एकोणिसाव्या शतकात. व्हिक्टोरिया राणीने १८४२ मध्ये स्कॉटलंडला प्रथम भेट दिली आणि १८५२ मध्ये बाल्मोरल ही मालमत्ता तिच्या कुटुंबासाठी विकत घेतली गेली. राणीला आवडलेली स्कॉटिश वेशभूषा प्रतिष्ठेची ठरली, प्रवासी वाढले आणि एडिंबरोच्या जवाहिऱ्यांचा धंदा भरभराटीस आला. आपल्याकडच्या माळेतील रुपयावर जिची मुद्रा होती, तीच ही राणी. तिकडे तिच्या आवडीने चांदीला फॅशनचे मोल आले; इकडे तिच्या मुद्रेने चांदीला चलनाचे मोल आले. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना एकच धातू दोन निराळ्या कारणांनी अंगावर चढला.

स्कॉटिश दागिन्यांतील काही प्रतीके अशी :

• थिसल – काटेरी फूल. स्कॉटलंडचे राष्ट्रीय चिन्ह. आपल्या माळरानावरील उटकटारीच्या कुळातीलच ही वनस्पती. १७५९ पासून एडिंबरोच्या प्रमाणित चांदीवर या फुलाची मुद्रा उमटवली जाऊ लागली. म्हणजे राष्ट्राचे प्रतीक शुद्धतेची हमीही बनले.
• मुकुटयुक्त हृदय – 'लकनबूथ' नावाची टाचणी. एडिंबरोतील कुलूपबंद दुकानांच्या ओळीवरून हे नाव पडले. ती वाग्दानाच्या वेळी वधूला देत आणि पुढे बाळाच्या शालीला वाईट शक्तींपासून रक्षण म्हणून लावीत.
• न तुटणारी गाठ – आदि-अंत नसलेली वेटोळी, अखंडतेची सूचक.
• नांगर, हृदय व क्रूस – ख्रिस्ती परंपरेतील आशा, प्रेम व श्रद्धा.

लकनबूथची टाचणी आणि आपल्याकडील बाळाच्या गळ्यातील दृष्टमणी किंवा वाघनख यांची तुलना करून पाहा. दोन्हीकडे बाळ दुर्बळ आहे, त्याला अदृश्य धोका आहे आणि अंगावरची लहानशी वस्तू तो धोका परतवील, हीच कल्पना आहे. परंतु फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. लकनबूथ ही आईच्या वाग्दानाची टाचणी बाळाकडे जाते, म्हणजे तेथे विवाह व अपत्य यांचा धागा एकाच वस्तूने जोडला जातो. आपल्याकडे मंगळसूत्र, जोडवी ही विवाहाची चिन्हे बाळाकडे जात नाहीत. बाळाची चिन्हे स्वतंत्र असतात. तुलनेत केवळ साम्ये मोजणे पुरेसे नसते, ते यासाठी.

आणखी एक गोष्ट. मागणी वाढल्यावर 'स्कॉटिश' म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यांतील कितीतरी दगड प्रत्यक्षात जर्मनीतील इडार-ओबरस्टाइन येथे कापलेले असत आणि त्यांतले काही ब्राझीलहून आणलेले व रंग दिलेले असत. तरीही घालणाऱ्याच्या दृष्टीने ती टाचणी स्कॉटलंडचीच होती. वस्तूचे उगमस्थान आणि प्रतीकाचे अर्थस्थान एकच असेल, असे नाही.

५.२.५ अर्थ कसा लावावा?

ग्लासगो येथे जन्मलेले मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी प्रतीकाच्या अर्थाचे तीन स्तर सांगितले आहेत. आपल्या अभ्यासासाठी ते असे मांडता येतील :

(१) सांगितलेला अर्थ – वापरणारी माणसे स्वतः जे सांगतात तो.
(२) वापरातून दिसणारा अर्थ – वस्तू कोण, केव्हा, कशी वापरते यावरून कळणारा.
(३) संबंधातून कळणारा अर्थ – इतर प्रतीकांच्या शेजारी ठेवून पाहिल्यावर उमगणारा.

जोडवी हे उदाहरण घेऊ. सांगितलेला अर्थ : 'सौभाग्याची खूण'. अलीकडे 'पायाच्या बोटातील नस गर्भाशयाशी जोडलेली असते' असे कथित शास्त्रीय कारणही सांगितले जाते. त्याला पुरावा नाही. परंतु लोक असे का सांगू लागले, हा अभ्यासकासाठी प्रश्नच आहे. जुन्या चिन्हाला नव्या काळाची मान्यता मिळवून देण्याची ती धडपड असावी. वापरातून दिसणारा अर्थ : जोडवी लग्नात घातली जातात आणि पतीच्या निधनानंतर काढली जातात. म्हणजे ती केवळ विवाहाची नव्हे, तर पती हयात असल्याची खूण आहे. संबंधातून कळणारा अर्थ : पुरुषाच्या अंगावर पत्नी हयात असल्याची अशी कोणतीही सक्तीची खूण नसते. तिसऱ्या स्तरावर पोहोचल्याशिवाय जोडव्यांतील असमानता नजरेस येत नाही.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. दोन लहान चांदीच्या वेढ्यांविषयी ग्रामसभेला ठराव करावा लागतो, यावरूनच प्रतीकाचे सामर्थ्य कळते. तसेच प्रतीकाचा अर्थ कायमचा ठरलेला नसतो, तो वापरणारी माणसे बदलू शकतात, हेही कळते.

५.२.६ मोडीत जाणारा दागिना, हरवणारा शब्द

जुना दागिना सोनाराकडे नेला की त्याची 'मोड' होते. तेव्हा मोल होते ते धातूच्या वजनाचे. घडणावळ जाते, घट धरली जाते आणि घाटाला किंमत उरत नाही. दुष्काळात, आजारपणात, मुलांच्या शिक्षणासाठी वा लग्नासाठी दागिने गहाण पडतात किंवा मोडीत जातात. १९७२ च्या दुष्काळाविषयी बोलणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणींत अंगावरची चांदी उतरल्याचा उल्लेख येतो, तो यामुळे. चांदीचे दागिने हे अडीनडीचा आधार होते आणि त्यांनी आपले काम चोख केले.

म्हणून 'जुने दागिने मोडू नका' असा उपदेश अभ्यासकाने करू नये. दागिना हे स्त्रीधन आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ ने स्त्रीच्या मालमत्तेवर तिचा पूर्ण हक्क मान्य केला आहे. तो ठेवायचा की मोडायचा, हे तिने ठरवावे. अभ्यासकाचे काम वेगळे आहे : दागिना मोडीत जाण्यापूर्वी त्याची नोंद करणे. कारण दागिन्याबरोबर त्याचे नावही वितळते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) दागिन्यांची अनेक नावे नोंदली गेली. दुसऱ्या आवृत्तीला जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांचे मराठी भाषेविषयीचे टिपणही जोडलेले आहे. त्या कोशातील किती नावे आज आपल्या घरात ओळखली जातात, हे तपासले तर हानीचा अंदाज येईल. उलट, आपल्या आजीच्या तोंडी असलेले एखादे नाव कोशात नसेलही; तेव्हा ते नोंदवणारे पहिले आपणच असू.

सोनारकामाने दिलेले शब्द मात्र भाषेत टिकून आहेत. 'कसोटी' हा सोन्याचा कस पाहण्याचा काळा दगड. आज क्रिकेटचा सामनाही 'कसोटी' असतो. 'बावनकशी', 'मुशीतून घडणे', 'कसाला उतरणे', 'मोडीत काढणे' हे प्रयोग आपण सोनाराला न आठवता करतो. वस्तू गेल्यावरही रूपक उरते. परंतु रूपकामागची वस्तू ठाऊक असणाऱ्यालाच त्याची धार कळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(१) लकनबूथ टाचणीचे दोन उपयोग सांगा.
(२) प्रतीकाच्या अर्थाचे तीन स्तर कोणते?
(३) दागिना मोडीत घालताना कोणते मूल्य नष्ट होते?

५.३ सारांश

अकीक हा दख्खनच्या काळ्या पाषाणात तयार झालेला दगड असून गोदावरी खोऱ्यात त्याचा वापर अश्मयुगापासून होत आला आहे. चांदी मराठवाड्याच्या जीवनात देहावर, देव्हाऱ्यात व संचयात अशी तीन ठिकाणी आढळते. या दोहोंचा संयोग अंगठीत दिसतो. स्कॉटलंडमध्येही अशाच दगडापासून व चांदीपासून निराळी प्रतीकव्यवस्था उभी राहिली. या तुलनेवरून असे दिसते की अर्थ द्रव्यात नसतो. तो स्थान, प्रसंग, वापर व परस्परसंबंध यांतून घडतो आणि माणसे तो बदलूही शकतात. दागिने मोडीत जाणे हा स्त्रीच्या हक्काचा व गरजेचा भाग आहे. त्यांची व त्यांच्या नावांची नोंद ठेवणे ही अभ्यासकाची जबाबदारी आहे.

५.४ पारिभाषिक शब्द, शब्दार्थ

कोंदण – खडा बसवण्यासाठी केलेली धातूची बैठक
घडणावळ – दागिना घडवण्याची मजुरी
घट – धातू वितळवताना येणारी तूट
मोड – जुना दागिना धातू म्हणून विकणे
टाक – देवाची वा पूर्वजाची पत्र्यावर उठवलेली प्रतिमा
दृष्टमणी – दृष्ट लागू नये म्हणून बाळाला बांधायचा मणी
तोळा – बारा मासे किंवा शहाण्णव गुंजा वजन

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १
(१) लाव्हाखडकाच्या पोकळीत सिलिकायुक्त पाणी झिरपून भिंतीवर थरावर थर बसल्याने.
(२) सोने लक्ष्मीस्वरूप असल्याने ते कमरेखाली घालू नये, हा संकेत.
(३) अकीकवर्गीय दगड.

प्रश्न – २
(१) वाग्दानाच्या वेळी वधूला देणे. बाळाच्या शालीला रक्षणार्थ लावणे.
(२) सांगितलेला, वापरातून दिसणारा व संबंधातून कळणारा.
(३) घडणीचे व घाटाचे मूल्य.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) 'अर्थ दगडात नसून त्याच्याशी वागण्याच्या रीतीत असतो' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
(२) मराठवाड्यातील चांदीच्या दागिन्यांचे आर्थिक व सांस्कृतिक महत्त्व विशद करा.
(३) जोडवी या अलंकाराचे तीन स्तरांवर विवेचन करा.
(४) टिपा लिहा : (अ) राणी छाप रुपयाची माळ (आ) बाणलिंग (इ) स्कॉटिश 'पेबल' दागिने.

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील अथवा शेजारातील एका ज्येष्ठ स्त्रीशी बोलून तिच्या एका चांदीच्या दागिन्याची नोंद करा. नोंदीत पुढील मुद्दे यावेत : दागिन्याचे तिच्या उच्चारातील नाव, देहावरील स्थान, घाट व नक्षी, तो कोणी, कोणत्या प्रसंगी दिला, केव्हा घालतात व केव्हा काढतात, तो कधी गहाण पडला होता का, पुढे कोणाला द्यावा असे तिला वाटते. शक्य असल्यास रेखाचित्र काढा.

ही नोंद करताना तीन पथ्ये पाळावीत. प्रथम, तिची परवानगी घ्यावी आणि ती नको म्हणाली तर विषय तेथेच सोडावा. दुसरे, तिचे नाव, पत्ता किंवा दागिन्याचे मोल नोंदीत लिहू नये. तिसरे, ती जे सांगेल ते आधी जसेच्या तसे लिहावे. आपण लावलेला अर्थ त्याखाली स्वतंत्र परिच्छेदात द्यावा. या दोहोंत सरमिसळ झाली, की नोंदीचा कस उतरतो.